अंकुशची ना हरकत

कामावर निघायच्या घाईत अंकुश डबा पिशवीत कोंबत होता, तेवढ्यात मासवणहून त्याचा बाप जिव्या येऊन दारात उभा राहिला. म्हाताऱ्याच्या एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला छापील कागद. शेंगा त्याने सुनेकडे दिल्या आणि कागद मुलासमोर धरला.

"सही कर."

"कसली?"

"आधी कर, मंग सांगतो."

अंकुशने सही केली. बोईसरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाने न वाचता सही करू नये हे त्याला कळत होतं, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून कधी बाहेरच पडला नव्हता. सुपरवायझरने डबल ड्यूटी विचारली की हा 'बरं', शेजाऱ्याने गॅसचा सिलिंडर मागितला की हा 'बरं'. त्याची बायको सपना म्हणायची, लग्नाचं मीच आधी विचारलं म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिलाही हे बरंच म्हणाले असते.

कागद फुटबॉलचा होता. पालघरच्या एका क्रीडा मंडळाने गावोगावच्या मुलींची स्पर्धा ठेवली होती, सात-सात जणींची. आदल्या वर्षी एका गावाने मुंबईच्या कॉलेजातून अख्खा संघ भाड्याने आणून चषक नेला होता. त्यामुळे यंदा मंडळाने नियम कडक केले होते. खेळाडू एकतर बापाच्या गावची हवी, नाहीतर आईच्या. भाची चालेल, भाडोत्री चालणार नाही. बापाच्या गावासाठी बापाची सही; आईच्या गावासाठी मामाची सही आणि खाली बापाची ना हरकत.

मासवणला हवी होती मोनाली, म्हणजे अंकुश-सपनाची एकुलती एक मुलगी. वय बावीस, नोकरी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला, आणि शाळेपासून गोलकीपर. गेल्या वर्षी कारखान्यांच्या सामन्यांत तिने लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या होत्या आणि त्याचा व्हिडिओ अजून तालुकाभर फिरत होता. मासवणच्या पोरी धावायला कुणाला ऐकायच्या नाहीत, पण गोलात उभं राहायचं म्हटलं की प्रत्येकीला काहीतरी काम आठवायचं. जिव्या संघाचा अध्यक्ष होता. फुटबॉल त्याने आयुष्यात एकदाच पायाने मारला होता, तोही वाटेत आडवा आला म्हणून.

"नात हाय आपली, मंग दुसरीकडं कशाला बघायचं?" एवढं बोलून तो कागद घेऊन गेला. मोनाली तेव्हा कामावर होती. तिला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, मोनाली सरावाला गेली असताना चाळीसमोर एक मोटारसायकल थांबली. मागे थर्माकोलचा खोका बांधलेला. गाडीवरून उतरलेल्या माणसाला अंकुशने ओळखलं नाही, पण सपनाने खिडकीतूनच ओळखलं. तिच्या हातातली परात खाली आपटली. तो समुद्रकाठच्या मुरब्याचा एकनाथ होता, तिचा सख्खा भाऊ. डोंगराकडच्या, मासवणच्या पोराशी लग्न केलं म्हणून चोवीस वर्षांपूर्वी घराने सपनाचं नाव टाकलं होतं. तेव्हापासून भाऊबीज नाही, पाचवी-बारसं नाही, साधा फोनही नाही. बोईसरहून मुरबे ते किती लांब! पण सपनाला ते गाव दिल्लीपेक्षा लांब झालं होतं. बाजारात मुरब्याची मासेवाली दिसली की ती रस्ता बदलायची आणि घरी येऊन मुकाट्याने कांदा चिरायला घ्यायची.

एकनाथ दारात उभा राहिला.

"पापलेटं आनलीत," तो म्हणाला. "बरफ वितळंल."

सपना आत गेली. तोंड धुतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला. बाहेर आली ती डाफरतच, "चपला भाईर काढ. आताच लादी पुसलीय."

चहा झाला, खारी झाली. एकनाथने खिशातून कागद काढला तेव्हा अंकुशला तो कागद ओळखीचा वाटला. छपाई तीच, मंडळाचा शिक्का तोच.

"भावोजी, पोरीचा व्हिडिओ बघितला आमच्या बोटीवर सगल्यांनी," एकनाथ म्हणाला. "मी बोललो, ही माजी भाची. कोन विश्वासच ठेवीना. आमच्या संघाचा अध्यक्ष मीच, मामाची सही पन मी केलीय. तुमची ना हरकत पायजे."

आता या ठिकाणी अंकुशने 'चार दिवसांपूर्वी मासवणला सही केली आहे' असं एक वाक्य बोलायला हवं होतं. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याचं लक्ष सपनाकडे गेलं. ती भावाच्या कपात न विचारता दुसऱ्यांदा चहा ओतत होती आणि चोवीस वर्षांत अंकुशने तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. त्या दिवशी एकनाथने अंकुशला मूत्रपिंड मागितलं असतं तरी त्याने विचारलं असतं, डावं की उजवं?

अंकुशने सही केली. पुढचं पुढे पाहता येईल, असं त्याने मनाशी ठरवलं.

पुढचं लवकरच पुढ्यात आलं. आधी मासवणहून हिरवी जर्सी आली, एक नंबरची. दोन दिवसांनी मुरब्याहून निळी आली, तीही एक नंबरची. अंकुशने हिरवी गादीखाली दडवली, निळी माळ्यावर टाकली आणि कामावर निघून गेला. गुरुवारी कामावरच त्याला मंडळाच्या सचिवाचा, नामदेवचा फोन आला.

"अंकुशराव, तुम्हाला मुली किती?"

"एक."

"मग आमच्याकडे दोन मोनाली कशा आल्यात? बाप एक, सही एक, जन्मतारीख एक. नियम ऐका. शनिवारी दुपारी बारापर्यंत एक गाव ठरवून कळवा. नाही कळवलं तर दोन्ही संघ बाद. आणि एकदा नाव कमी केलं की या वर्षी परत लागणार नाही. दोन्हीकडच्या अध्यक्षांनाही मी कळवलंय."

शेवटचं वाक्य ऐकून अंकुशने मशीन बंद केली. शेजारच्या मशीनवर कैलास होता. परांड्याकडचा हा माणूस पहाटेपर्यंत जागून परदेशातले सामने मोबाईलवर बघायचा आणि दिवसा त्याचं ज्ञान वाटत फिरायचा. अंकुशने त्याला सगळं सांगितलं.

"आरं, हे तर तिकडं रोजचंच हाय," कैलास आनंदाने म्हणाला. "बाप एका देशाचा, आय दुसऱ्या देशाची, आन पोरगं वाढलंय तिसऱ्याच देशात. पोरगं चांगलं खेळाया लागलं की सगळे देश दारात. आमचा हो, आमचा हो! आन एकदा का एखाद्याकडनं मोठी म्याच खेळला, की बहुतेक शिक्काच बसला बग."

"मग ते पोरगं काय करतं?"

"लई इचार करतंय, रडतंय, आन जिकडं आय खूश हुईल तिकडं जातंय."

"आणि बाप?"

"बाप टीव्हीवर बगतोय की," कैलास म्हणाला आणि कामाला लागला.

शुक्रवारी दुपारी अंकुश पहिली पाळी संपवून घरी पोचला, तर बैठकीच्या खोलीत एका भिंतीला टेकून जिव्या बसला होता आणि समोरच्या भिंतीला टेकून एकनाथ. दोघं एकाच वेळी आले होते, आणि गेला तासभर दोघांनी मधल्या पंख्याकडे बघत काढला होता. या दोन घरांतली माणसं लग्नापासून एकमेकांसमोर आलीच नव्हती. आली तर कुऱ्हाडी निघतील अशी त्या वेळची बोली होती. मोनाली अजून कामावर होती, आणि सपना स्वयंपाकघरात भांडी घासत होती. सगळी भांडी स्वच्छ होती, तरी घासत होती.

"तू दोन सह्या केल्यास?" जिव्याने विचारलं.

"केल्या," अंकुश म्हणाला.

"त्याला नका बोलू, तो गरीब मानूस हाय," एकनाथ म्हणाला. "पोरीचं बोला. हात बघितले तिचे? बॉल एकदा हातात आला की सुटत नाय. ते हात जाली वढनाऱ्यांचे हायेत. मुरब्याचे."

"आन उडी?" जिव्या सरसावून बसला. "पुरुषभर उंच उडते पोर, ती का तुमचे होडीत बसून? आमी ताडावर चढनारी मानसां. पाय मासवणचे हायेत."

"गोलकीपर हातानं खेलतो, म्हातारबाबा."

"मंग हात न्या तुमी, पाय आमाला ठेवा!"

एकनाथ उठून उभा राहिला. जिव्याही उठला. अंकुश मधे गेला आणि दोघांकडे पाहून "बरं, बरं" म्हणाला, त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही. तेवढ्यात सपना ओल्या हातांनी बाहेर आली.

"बसा दोघं खाली," ती म्हणाली. दोघं बसले. "चोवीस वर्सांमागं मला पन असंच इचारलं व्हतं. हिकडं का तिकडं. मी एक धरलं आन दुसरं हातचं गेलं. दादा, आई आजारी पडली ते मला बाजारातल्या बाईनं सांगितलं. बाबा, तुमी मला लेकीसारखी ठेवली, पन मुरब्याचं नाव या घरात काडायचं नाय, हे पन तुमीच बोलला व्हता. मी गप ऱ्हायले. आता तेच माज्या पोरीला इचाराया आलाय?"

जिव्या पायाच्या अंगठ्याने लादी उकरू लागला. एकनाथने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ती कधी पाहिलीच नव्हती अशी न्याहाळत बसला.

मग जिव्या खाकरला. "पावना, तुमी न्या पोरीला. मामाचा मान मोठा."

"छे छे," एकनाथ म्हणाला. "बापाचं घर ते खरं. तुमीच ठेवा."

"आमी रोज बघतो तिला. तुमीच न्या."

"आमी चोवीस वर्सं तोंड नाय दाखवलं. आमचा काय हक? तुमीच ठेवा."

"मी बोललो ना, न्या!"

"मी पन बोललो, नाय नेनार!"

घटकेपूर्वी जेवढ्या हिरिरीने ते मोनालीला ओढत होते, तेवढ्याच हिरिरीने आता ढकलू लागले. आवाज ऐकून शेजारीपाजारी जमले. त्यांना वाटलं, दोघांनाही मुलगी नकोशी झाली आहे. शेवटी दोघं रागारागाने उठले आणि दोन दिशांना गेले. एकनाथ जाताना 'येतो' एवढंच म्हणाला. घरी ये, असं तो बहिणीला म्हणाला नाही. सपनाने वाट पाहिली होती, हे अंकुशला तिच्या पाठीवरूनच कळलं.

शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी नामदेवचा फोन आला.

"अंकुशराव, चाळीस वर्षं स्पर्धा भरवतोय, पण असं कधी बघितलं नाही. मासवणचं पत्र आलंय, मोनालीचं नाव कमी करावं, ती मुरब्याकडून खेळेल. मुरब्याचं पत्र आलंय, नाव कमी करावं, ती मासवणकडून खेळेल. दोन्ही पत्रं मंजूर झाली."

"म्हणजे ती खेळणार कुणाकडून?"

"कुणाकडूनच नाही. नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी मोनाली कामावरून आली. दोन्ही जर्स्या कॉटवर ठेवलेल्या, आई खिडकीत, बाप कोपऱ्यात. सगळी हकीकत ऐकून ती आधी हसली, मग तिचा चेहरा लाल झाला.

"पप्पा, यात मला एकदा तरी कोणी विचारलं का?"

अंकुश मान खाली घालून म्हणाला, "तुला काय पायजे होतं?"

"खेळायला पायजे होतं!" ती ओरडली आणि चादर डोक्यावर घेऊन झोपली.

अंकुशला रडू आलं. पोरीचा खेळ गेला होता, बायकोचं माहेर पाच दिवस उघडून पुन्हा मिटलं होतं, आणि या सगळ्याखाली त्याच्या सुवाच्य अक्षरांतल्या दोन सह्या होत्या.

सामने रविवारी सकाळी होते आणि चिठ्ठ्यांमध्ये पहिलाच सामना निघाला मासवण विरुद्ध मुरबे. जाऊ नये असं तिघांनाही वाटत होतं, म्हणून तिघंही गेले. मैदानावर एका बाजूला मासवणची माणसं टेम्पो भरून आली होती, दुसऱ्या बाजूला मुरब्याची. अंकुशच्या घराने कुठे बसावं हा प्रश्नच होता. शेवटी ते तिघं गोलामागे बसले, जिथे कुणीच बसत नाही.

शिट्टी झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत पाच गोल झाले. दोन्ही गावांकडे गोलकीपर नव्हती. मासवणने ज्या पोरीला उभं केलं होतं ती चेंडू जवळ आला की सवयीने लाथ मारायला पुढे पळायची आणि मागे गोल मोकळा. मुरब्याची पोर जागची हलत नव्हती, पण चेंडू आला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. हाफटाइमला गोल होते सात-सहा. आपल्यावर गोल झाला की जिव्या समोरच्या बाजूकडे बघून टाळ्या वाजवायचा, आणि तिकडे गोल झाला की एकनाथ.

मोनाली हाफटाइमपर्यंत ओठ दाबून बसली होती. त्यापुढे तिला धीर निघेना.

"अगं, डोळे उघड!" ती मुरब्याच्या पोरीवर ओरडली. "बॉलकडं बघ, पायाकडं नको!" मग चेंडू दुसऱ्या टोकाला गेला तशी तीही मैदानाच्या कडेने तिकडे पळाली. "मागे ये! गोल सोडून कुठं चाललीस? हात वर!" परत चेंडू इकडे, परत मोनाली इकडे. दोन्ही पोरी तिचं ऐकू लागल्या. उत्तरार्धात वीस मिनिटं एकही गोल झाला नाही, आणि मोनाली मात्र दोन्ही संघांतल्या कुणाहीपेक्षा जास्त धावली.

एका कॉर्नरच्या वेळी ती बोलता बोलता रेषा ओलांडून चार पावलं मैदानात शिरली. रेफरी होते चिंतू गुरुजी, निवृत्त पीटी शिक्षक. त्यांनी शिट्टी मारली, तिच्याजवळ आले आणि तिला सरळ पिवळं कार्ड दाखवलं.

"नामदेव, लिहून घे," गुरुजी म्हणाले.

नामदेव तक्ता घेऊन उभा होता, तो घोटाळला. "लिहू कुठे, गुरुजी? ही कुठल्याच संघात नाही. कार्ड कुणाच्या नावावर लावू?"

"आमच्या लिवा!" मासवणच्या बाजूने जिव्या उठला. "पोर आमची हाय!"

"ओ, थांबा!" एकनाथ दुसऱ्या बाजूने मैदानात घुसला. "ती आमच्या पोरीला शिकवीत व्हती. कार्ड मुरब्याचं. भाची हाय माजी!"

"नात पहिली!"

"चूक आमच्यासाठी केली, दंड आमालाच बसला पायजे!"

"बाबांनो, कार्ड आहे हे, चषक नाही!" नामदेव हात जोडून म्हणाला. "ज्याच्या नावावर लागेल त्याचं नुकसान आहे."

"व्हऊ दे!" दोघं एकदम म्हणाले.

अंकुश गोलामागे उभा राहून हे बघत होता. पोरीचं कौतुक होईल तेव्हा ती आमची म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिची चूक आपल्या अंगावर घ्यायला दोन गावं भांडताना त्याने पहिल्यांदा पाहिली. शेजारी सपनाने त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "सामना खोळंबलाय. पोरी, आता तूच सांग. कोणाच्या नावावर लिहायचं?"

सगळी मोनालीकडे बघू लागली. गेल्या पंधरवड्यात तिला वेळेत कुणी काही विचारलं, ते हे पहिलंच.

"अर्धं अर्धं नाय होत, गुरुजी?"

"कार्ड अर्धं होत नाही."

"मग दोन द्या. एक मासवणला, एक मुरब्याला."

"दोन पिवळी म्हणजे लाल, बाळ. मैदानाबाहेर जावं लागेल."

"जाते," मोनाली म्हणाली. "पण लिहायचं दोन्हीकडं."

चिंतू गुरुजींनी नियमात खोट काढून पाहिली, ती निघेना. त्यांनी गंभीर चेहऱ्याने दुसरं पिवळं कार्ड दाखवलं, मग लाल, आणि बोट फाटकाकडे केलं. हिरव्या आणि निळ्या, दोन्ही संघांच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मोनाली हसत, घाम पुसत फाटकाकडे निघाली. सपना आणि अंकुश मागोमाग निघाले.

फाटकाशी एकनाथ धावत आला. तो बहिणीशी बोलला नाही. तिच्या बाजूने पुढे होऊन तो मागून येणाऱ्या जिव्यासमोर गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"बाबा, चोवीस वर्सांमागं करायचं ते आज करतो. बहिनीला माहेरी न्यायला आलोय. आई वाट बघते, पन मला सांगायला तोंड नव्हतं. चार दिस धाडाल का?"

जिव्याने सपनाकडे पाहिलं. ती लहान मुलीसारखी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

"इचारतोस काय? मीच धाडाया पायजे होती," म्हातारा म्हणाला. "चूक झाली माझी. पन एकटी नाय धाडनार. सुनेला पोचवाया घरचा मानूस जातो, रीत हाय."

"कोन येतो?"

"मी," जिव्या म्हणाला आणि कुणी आणखी काही बोलायच्या आत मुरब्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. एकनाथने बहिणीला हात देऊन मागे चढवलं. मोनालीला चढवायची गरज पडली नाही.

अंकुश मात्र उलट्या दिशेने पळत मैदानात गेला. चेंडू अजून कॉर्नरवरच होता, शिट्टी गुरुजींच्या तोंडात होती. त्याने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू?" आणि डोळे पुसत टेम्पोकडे परत धावला. चिंतू गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ लाल कार्डं दाखवली होती आणि त्याबद्दल पुष्कळ बापांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. आभार मानायला आलेला हा पहिलाच.